नवाचे दहा

गोंदियातल्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात दर दुसऱ्या सोमवारी पुढच्या दोन आठवड्यांचं काम ठरायचं. स्प्रिंट म्हणायचो त्याला. कामाच्या दहा दिवसांपैकी कोण किती दिवस येणार, ते मी आधी बोर्डावर लिहायचो. लग्न, बारसं, घरची धानाची रोवणी सांगत बाकीचे आठावर, सातावर यायचे. केशोरी गावाकडचा आमच्यातला एक पोरगा तेवढा मान वर न करता म्हणायचा, "पुरे दहा." मग मी उघडाच टाकलेल्या मार्करला तो टोपण लावून ठेवायचा.

एकदा तो म्हणाला, "नऊ."

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"बहीण येऊन राहिली पुण्याहून, राखीले." आणि चक्क हसला.

राखीच्या सकाळी मी ऑफिसात पोचलो, तर हा बोर्डासमोर उभा. नऊ तळहाताने पुसून दहा लिहीत होता.

"काऊन रे?"

"नाही येऊन राहिली. तिलेबी काम आहे."

त्या स्प्रिंटचं सगळं काम पहिल्यांदाच वेळेत संपलं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, आम्हीही वाजवल्या, त्यानेही.

पुढच्या सोमवारी त्याच्या नावापुढे मी न विचारताच दहा लिहिले. त्याने मार्करला टोपण लावलं.