आडोशाची जागा

पूर्णगडच्या सड्यावर, समुद्राकाठच्या उघड्या कातळपठारावर, मी रिमोटचं ग्लायडर उडवत होतो. त्याला इंजिन नसतं; टेकाडावरचा जोराचा वारा आणि टेकाडामागची शांत हवा यांतून घिरट्या घालत ते दर फेरीला वेग वाढवतं. घरातला पहिला पदवीधर मी, तोही भौतिकशास्त्राचा. बाबांना हे सगळं समजावलं होतं. तरी जन्मभर होडी चालवलेले बाबा सवयीने टेकाडामागच्या आडोशाला विडी पेटवायला बसले. ग्लायडर तिकडेच सुसाट निघालं होतं.

“बाबा, आडवे व्हा!”

ते झाले. डोक्यावरून शीळ घालत गेलेलं ग्लायडर मी करवंदीच्या जाळीत घातलं. मोडलं.

बाबा अंग झटकत म्हणाले, “एवढा शिकलास, पण वाऱ्यात माणूस कुठे बसतो ते नाय शिकलास?”

खरंच होतं. ग्लायडर दुरुस्त केलं, पण आता त्यांची विडी संपल्याशिवाय मी ते सोडत नाही.