सैल केलेले बूट

“पाय सुजले तर माणूस डॉक्टरकडे जातो, ताई. तू बूट मोठे केलेस.”

“बूट टोचत होता. पाय कुठे दुखत होते?”

“डोळ्यांवर कातडं ओढून घेतलंस म्हण ना सरळ.”

“घेतलं. घरचंच होतं.”

बाबा हसले नाहीत. आत्या आदल्या दिवशीच हॉस्पिटलातून आली होती आणि आमच्या बाहेरच्या खोलीत, खिडकीशी उशी पाठीला लावून बसली होती. भांडण दिसायला बुटांवरून होतं. खरं होतं ते दुकानावरून. तिचं दुकान घ्यायला बाबांनी परस्पर एक मोबाइल दुरुस्त करणारा गाठला होता, आणि तो संध्याकाळी जागा बघायला येणार होता.

आत्या बूट बनवते. आजोबांमागे दुकान खरं तर बाबांकडे यायचं, पण त्यांना कातड्याचा वासच सोसेना. मग कातडं कापायची रापी हिने उचलली. बाईच्या हातचा बूट टिकायचा नाही, असं म्हणणारी गिऱ्हाइकं पुढे तिच्याच बुटांत म्हातारी झाली. लग्न का नाही केलंस विचारलं, तर म्हणायची, मापाचा मिळाला नाही, आणि पुरुष काही बुटासारखा लाकडी साच्यावर, कलबुतावर, चढवून सैल करता येत नाही.

काही वर्षांपूर्वी टाच ठोकताना तिचा डावा खांदा भरून आला होता, घाम फुटला होता. हातोडी चालवून खांदा लचकला असेल, असं तिनंच ठरवलं, तेल चोळलं आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. तो हार्ट अटॅक होता हे तेव्हा कुणाच्याच ध्यानात आलं नाही. यंदा जिन्यात धाप लागायला लागली, तेव्हा तिनं वयावर ढकललं. मग संध्याकाळी बूट आवळायला लागले. दुसऱ्या कुणी पाय बघितले असते, हिने बूट बघितले. ओले केले, कलबुतावर ताणले, सैल केले. पुन्हा आवळले, पुन्हा ताणले. शेवटी स्वतःसाठी चांगला रुंद नवा जोड शिवला, आणि तो इतका देखणा झाला की आल्यागेल्याला पाय पुढे करून दाखवत बसायची. पोटरीवर बोट दाबलं की खड्डा पडत होता, तो मात्र कुणाला दाखवला नाही. मग एका दुपारी आमच्याकडे जेवून आडवी झाली आणि श्वासच मिळेना. बाबांनी तिला उचलून नेलं.

हॉस्पिटलात मी तिच्यासोबत होते. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर तिचं हृदय दाखवलं. सगळं हृदय आवळत होतं, सुटत होतं, पण एका बाजूची भिंत कामाच्या घरी आलेल्या पाहुण्यासारखी नुसती बसून होती. त्या म्हणाल्या, जुन्या झटक्यात तेवढा स्नायू मेला आणि शरीरानं ती जागा वणानं भरून काढली. वणामुळे भोक पडत नाही, पण वण आवळत नाही. त्याच्या वाटचं काम उरलेल्या स्नायूवर पडतं. तो दमतो, ताणला जातो, आणि त्याच्यातही हळूहळू तसलेच कडक धागे पसरतात. रक्त पुढे ढकललं जात नाही, म्हणून पाणी मागे तुंबतं, छातीत आणि पायांत.

आत्यानं विचारलं, कडक कातडं वापरलं की मऊ पडतं, तर मी रोज चार जिने जास्त चढले तर? डॉक्टरीणबाईंना हसू आलं, पण त्यांनी नीट सांगितलं. झालेला वण मऊ करणारं औषध आज त्यांच्याकडे नव्हतं. गोळ्यांनी हृदयावरचं ओझं कमी होणार होतं, नवा कडकपणा पसरायचा थोडा थांबणार होता. मीठ कमी, वजन रोज बघायचं, जड काही उचलायचं नाही, बेताबेतानं चालायचं.

मी घरी येऊन हे सांगितलं, तर बाबांना त्यातलं ‘नाही’ तेवढं ऐकू आलं होतं, आत्याला ‘चालायचं’.

“जड उचलू नको म्हणाली ती,” आत्या म्हणाली. “बसून शिवू नको म्हणाली नाही. कातड्याचे गठ्ठे दुकानात आणून टाकायला हमाल सांगते. गोळ्या घेते, अळणी गिळते. अजून काय लिहून देऊ?”

“काही लिहून देऊ नकोस. इथे राहा, आराम कर. काय कमी आहे इथे?”

“काम.”

बाबांनी समजुतीचा सूर लावला. म्हणाले, हट्टाचं वय राहिलं नाही, निम्मं हृदय गेलंय तुझं.

“निम्मं नाही, एक तुकडा,” आत्या म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण खिडकीच्या कठड्यावर टेकलेली बोटं पांढरी पडली होती. “मी पण बघितलंय ते पडद्यावर. बाकीचं सगळं राबत होतं, बाळ्या. एक तुकडा मेला, तर तू उरलेल्या बाईलापण निजवायला निघालास.”

बाबांनी घड्याळ बघितलं. मग म्हणाले, संध्याकाळी माणूस येतोय, त्याला मी शब्द दिलाय.

“तुझा शब्द, तू गिळ.”

ती उठली. उठताना खुर्चीचा हात धरला, दम घेतला, मग पदर खोचला. बाबा दारात आडवे उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायला ते ओरडले नाहीत, हळूच म्हणाले, “आणि तिथे एकटी असताना पडलीस तर, ताई? मला कोण सांगणार?”

आत्यानं त्यांच्या दंडाला हात लावून त्यांना बाजूला सारलं, जिन्याच्या कठड्याला धरून एक एक पायरी उतरली, मधल्या वळणावर थांबून श्वास घेतला, आणि वर न बघता दुकानाच्या रस्त्याला लागली.