दहावा विळा

फुमिको-सान स्वतःच्याच जमिनीत शिरताना माफी मागायच्या. जपानात दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकताना 'ओजामाशिमास' म्हणतात, म्हणजे 'तुम्हाला त्रास देते आहे'. या बाई नदीकाठच्या आपल्या बोरूच्या, म्हणजे उंच पाणगवताच्या, रानापुढे उभ्या राहायच्या, कमरेत वाकायच्या आणि तेच म्हणायच्या. समोर माणूस नाही, दार नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी सुनेला म्हटलं, "वैशाली, या बाईचं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"आई, हळू बोला. भाषा कळली नाही तरी तोंडावरून कळतं."

ही एकोणीसशे नव्वदनंतरची गोष्ट. मुलगा बँकेतर्फे टोकियोत होता आणि आम्ही सगळे तिथल्या एदोगावा भागात राहत होतो. फुमिको-सान शेजारच्या. सत्तरी ओलांडलेल्या, पण सायकलवरून यायच्या-जायच्या. मला जपानी येत नव्हतं, त्यामुळे आमचं सगळं बोलणं वैशालीच्या तोंडून व्हायचं.

त्या रानात उन्हाळ्यात लांबच्या देशातून एक पक्षी येऊन घरटं बांधायचा. एवढं कौतुक ऐकून मला वाटलं, मोरासारखं काही असेल. निघाला बुलबुलाएवढा, मातकट, आणि आवाज कढईचा तळ खरवडल्यासारखा. मी तसं तोंडावर सांगितलं. फुमिको-सान हसल्या. "देखणा असता तर त्याच्यासाठी धावणारे खूप मिळाले असते. याला आपणच आहोत."

त्यांचा एकुलता मुलगा ओसाकाला. आईच्या मागे तिथे भराव घालून मोटारी उभ्या करायची जागा करणार, असं तो उघड म्हणायचा. म्हणून फुमिको-सानना जिवंतपणीच ती जमीन एका ट्रस्टला द्यायची होती. एकदा ट्रस्टकडे गेली की ती कुणाला विकता येणार नव्हती. पण ट्रस्टचे लोकही पक्के. नुसती जमीन घेऊन काय करायचं? बोरू दर हिवाळ्यात कापला नाही तर वाळून तिथेच पडतो, पाणथळ भरून येतं, झाडं माजतात आणि पक्षी यायचा थांबतो. त्यांनी अट घातली की दर हिवाळ्यात येणारे दहा कापणारे दाखवा, मग घेऊ. फुमिको-साननी स्वतःला धरून नऊ जमवले होते. दहावी मी.

मी चौथीपर्यंत शिकले, पण विळा आठव्या वर्षापासून हातात आहे. कापणीच्या दिवशी मी त्या नऊही जणांना मागे टाकलं. दुपारी सगळे भाताचे गोळे खायला बसले. वैशाली चहा आणायला गेली होती. मधे एक पट्टा तसाच उभा दिसला. आमच्या गावात काम अर्धं ठेवून जेवायला बसणाऱ्याला नावं ठेवतात. मी उठले आणि कापत सुटले. निम्मा पट्टा आडवा झाला तेव्हा फुमिको-सान धावत आल्या आणि माझ्या विळ्यासमोर उभ्या राहिल्या. तो पट्टा पक्ष्यांच्या घरट्यांसाठी मुद्दाम राखलेला होता.

ट्रस्टचं काम बघणारे एक निवृत्त मास्तर होते. ते म्हणाले, "फुमिको-सान, नऊच झाले. या बाई नकोत."

"दहा," त्या म्हणाल्या. "काम अर्धं टाकून तिला बसवत नाही, एवढाच तिचा दोष. अशी माणसं दाखवा मला आणखी. थांबायचं कुठे, ते मी शिकवीन."

"आणि या उन्हाळ्यात पक्षी आलेच नाहीत तर?"

"तर जमीन घेऊ नका."

तोवर चहा घेऊन परतलेल्या वैशालीने हे सगळं ऐकून मला सांगितलं. परक्या देशातल्या बाईने माझ्या चुकीवर आपली सगळी जमीन लावली होती. मी म्हटलं, "त्यांना सांग, मी चुकले." फुमिको-साननी उरलेल्या बोरूकडे बोट केलं. "मला नको. ज्यांचं घर आहे त्यांना सांगा." मी तिकडे तोंड करून वाकले आणि मला येणारा एकच जपानी शब्द म्हटला, ओजामाशिमास. मास्तरसुद्धा हसले.

जूनमधे एका सकाळी दाराची घंटा वाजली. फुमिको-साननी माझं मनगट धरलं आणि नदीकडे नेलं. उरलेल्या पट्ट्यातून कढई खरवडल्याचा आवाज येत होता. आवाज मुळीच सुधारला नव्हता. मी तासभर उभी राहून ऐकला.

ट्रस्टच्या कागदावर दहा कापणाऱ्यांची नावं आली. बाकीच्यांनी तिथल्या रीतीप्रमाणे सहीऐवजी आपापल्या नावाचे शिक्के मारले. माझ्याकडे शिक्का नव्हता. मास्तरांनी आपलं पेन पुढे केलं आणि मी मराठीत सही केली. पुढच्या हिवाळ्यात फुमिको-साननी माझं जुनं लाल लुगडं मागून नेलं, फाडून त्याच्या पट्ट्या केल्या आणि राखलेल्या बोरूला बांधल्या. म्हणाल्या, "बाकीच्यांना लागत नाहीत. या तुमच्यासाठी."

चार हिवाळे कापून मी गावी परतले. पाचव्या हिवाळ्याच्या आधी त्या गेल्या. मी रडले नाही. जमिनीचं काम पुरं करून गेलेल्या बाईसाठी काय रडायचं? काळजी एकच होती, आता दोन विळे कमी पडणार. कापणीच्या दिवशी वैशालीचा फोन आला.

"आई, तुमच्या जागी मी उभी राहिले. आणि त्यांच्या जागी कोण आलं माहीत आहे? ओसाकाहून त्यांचा मुलगा."

"मोटारीवाला?"

"हो. त्यांचाच विळा घेऊन."

"कापता येतं का त्याला?"

"अजिबात नाही."

"ते येईल. आत शिरताना म्हणाला का?"

"म्हणाला. अगदी पुटपुटला."

मी म्हटलं, "त्याला सांग, पुढच्या वर्षी मोठ्याने म्हण. तुझी आई मोठ्याने म्हणायची."