राजूरच्या आकाशात नानांचं रॉकेट

नागापूरच्या आमच्या गच्चीवरून आता चांदणी धड दिसत नाही. एमआयडीसीचे दिवे आभाळ खाऊन टाकतात. तरी नानांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, एकच हट्ट: "आपलं रॉकेट एकदा बघायचंय." डोळ्यांच्या डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं होतं, नजर आता उतरतच जाणार. म्हटलं, चला, जाऊच.

'आपलं रॉकेट' म्हणजे उपग्रह सोडून झाल्यावर वरच फिरत राहिलेला निकामी सांगाडा. गरगरताना त्याच्या सपाट बाजूवर ऊन पडलं की लख्ख चमकतो, मग विझतो. दोन चमकांमधला वेळ मोजला की गिरकीचा वेग कळतो. माझ्या शाळेच्या दिवसांत चमक दिसली की नाना "हाय!" ओरडायचे आणि मी स्टॉपवॉच दाबायचे. शेजारच्या काकू म्हणायच्या, बापलेकीला वेड लागलंय. फार सुखाचं वेड होतं ते!

संगमनेर, अकोले करत दुपारी राजूर गाठलं. (अमावास्येच्या आसपास जा, स्वेटर घ्या, गाडीची टाकी अकोल्यातच भरा.) पेढे घेतले, त्यातले निम्मे नानांनी गाडीतच संपवले. गावापुढे एका घरी मुक्काम. पिठलं, भाकरी, ठेचा, सगळं चुलीवरचं. घरच्या ताराबाईंनी विचारलं, "इथं काय बघाया आलात? धबधबं तर कवाच आटलं."

"आभाळ," नाना म्हणाले. हसत हसत ताराबाईंनी अंगणातला बल्ब घालवला.

थोड्याच वेळात, मोबाईलवर दाखवलेल्या वेळेला, रॉकेट डोंगरामागून वर आलं.

"हाय!" नाना ओरडले. मी बटण दाबलं. "हाय!" पुन्हा दाबलं.

बटण दाबणाऱ्याने नजर घड्याळावरच ठेवायची, हा आमचा जुना नियम. त्या दिवशी मी तो मोडला. वर पाहिलं, तर नाना "हाय!" म्हणाले तेव्हा आभाळात अंधार होता. चमक नंतर आली. पुढच्या खेपेलाही तसंच. गिरकी मंदावली होती आणि नाना माझ्या लहानपणीच्या त्याच ठेक्यात ओरडत होते.

"नाना, आज अदलाबदल. मी बोलते, तुम्ही दाबा."

त्यांनी घड्याळासाठी हात पुढे केला. मी ओरडत राहिले, ते दाबत राहिले.

"लई मंद झालंय की गं," ते म्हणाले. "म्हंजी मगाशी मी उगाच वरडत हुतो. दिसत न्हाई मला."

"कळलं मला, नाना."

घरी येऊन आठवडा झाला. पेढे संपले, स्वेटर कपाटात गेले. काल संध्याकाळी रॉकेट नागापूरवरून जाणार होतं. नाना घड्याळ घेऊन आधीच गच्चीत बसलेले. दिव्यांच्या उजेडात मलाही काहीच दिसेना. पण राजूरचा तो संथ ठेका कानात बसला होता.

"हाय!" मी म्हटलं.

नानांनी बटण दाबलं.