भिंतीवरचा रेडिओ

लातूर नुकतंच जिल्ह्याचं ठिकाण झालं होतं आणि आमच्या गल्लीतल्या विहिरी एकेक करून आटल्या होत्या. पाणी उरलं होतं ते शेजारच्या काकूंच्या बोअरला. संध्याकाळी वीज आली की त्या मोटार सुरू करत आणि नळी मधल्या भिंतीवरून आमच्या अंगणात टाकत. आमचे हंडे भरले की नळी पुढच्या घरी जाई.

नेमक्या त्याच वेळी बाबांच्या बातम्या असत. देवणीच्या शाळेतून ते निवृत्त झाले आणि डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. पेपर सुटला, रेडिओ तेवढा राहिला. पण मोटार सुरू झाली की त्यात लाह्या फुटल्यासारखी तडतड सुरू होई. एके दिवशी ते उठून भिंतीपाशी गेले.

"बाई, तुमची मोटार माझ्या बातम्या खायलीय. अर्धा घंटा थांबवा."

"थांबवते की गुरुजी," काकू नळी आमच्या हंड्यात सोडत म्हणाल्या. "मग रात्री लेकीला बातम्याच प्यायला द्या."

पलीकडे थांबलेल्या बायका हसल्या. बाबांना ते लागलं. "उद्यापासून त्यांचं पाणी घ्यायचं नाही," त्यांनी घरात येऊन सांगितलं. म्हणजे चौकातला टँकर, आणि तिथं भांडल्याशिवाय घागर भरत नसे.

मी तेव्हा शाळेत विज्ञान शिकवत होते. बाबांशी वाद घालून काही होत नसे, त्यांना दाखवावं लागे. दुसऱ्या दिवशी मी रेडिओत सेल घातले. वीज आली, मोटार सुरू झाली, तडतडही सुरू झाली. रेडिओ हातात घेऊन मी भिंतीकडे चालू लागले. मोटार जवळ येईल तशी तडतड वाढायला हवी होती. ती कमी होत गेली. पलीकडे मोटार घरघरत होती आणि बातम्या स्वच्छ ऐकू येत होत्या. परत फिरले, खोलीत आले, तडतड पुन्हा वाढली. वर पाहिलं. गल्लीतल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या की विजेचा दाब उतरे. मग आमची ट्यूब धड पेटत नसे नि विझत नसे, नुसती लुकलुकत राही.

मी बटण बंद केलं. अंधार झाला आणि बातम्या स्पष्ट झाल्या.

"बंद केली का बाईंनी मोटार?"

"ऐका ना, चालूच आहे. आपली ट्यूब होती, बाबा."

पडताळा घेतल्याशिवाय त्यांनी कधी गणिताचं उत्तरही मान्य केलं नव्हतं. मला पुन्हा पुन्हा ट्यूब लावायला आणि बंद करायला लावली. मग रेडिओ उचलला, चाचपडत भिंतीपाशी गेले आणि तो भिंतीवर ठेवला.

"बाई, मोटार चालू राहू द्या. चोर आमच्याच घरात निघाला."

"धरला का मग?"

"लेकीनं धरला."

"मग आवाज वाढवा गुरुजी. हंड्यांच्या गलक्यात इकडं काही ऐकू येईना."

ट्यूबच्या जागी मी साधा पिवळा बल्ब लावला. रेडिओ मात्र रोज संध्याकाळी भिंतीवरच जाऊ लागला.

पुढच्या उन्हाळ्यात बाबा गेले. तेरावं झालं, पाहुणे पांगले, रेडिओ मी कपाटात ठेवला. पाणी तेव्हाही काकूंचंच होतं. एका संध्याकाळी नळी टाकता टाकता त्या थांबल्या.

"आज बी बातम्या न्हाईत का गं?"

मी सेल बदलले आणि रेडिओ भिंतीवर नेऊन ठेवला.