फोटोखाली गेलेला क्रमांक

"त्या भीषण दुष्काळात चेअरमनसाहेबांच्या वाढदिवशी चारा छावणीतील शेतकऱ्यांनी उत्स्फूर्त रक्तदान केले, परंतु विरोधी पॅनेलच्या एका तंत्रज्ञाने केवळ साहेबांचा फोटो दिसला म्हणून ते पवित्र रक्त गटारात ओतले आणि एका बाळंतिणीला मरणाच्या दारात नेऊन ठेवले."

हे वाक्य आमच्या सहकारी साखर कारखान्याच्या स्मरणिकेत छापले आहे. तो तंत्रज्ञ मी. कारखान्याच्या ट्रस्टने तालुक्याच्या गावी चालवलेल्या रक्तपेढीत मी उभी हयात काढली. वाक्य लिहिणारा गृहस्थ आज संचालक आहे. त्या वेळी तो वाढदिवस समितीचा प्रमुख होता आणि मला काका म्हणत असे. स्मरणिका घरी आल्यापासून मला एका जागी बसवत नाही. अंगणात जातो, परत येतो, तेच वाक्य पुन्हा वाचतो. चहा निवून जातो. पत्नी म्हणते, "कशापायी जीव जाळून घेता? कोण वाचतंय असलं?" मी वाचतो. आणि ज्यांनी वाचले असेल, त्यांच्यासाठी लिहितो आहे.

त्यातले जे खरे आहे ते आधी मान्य करतो. रक्त नष्ट केले, हे खरे. गटारात नव्हे, नियमाप्रमाणे वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करून. बाळंतीण मरणाच्या दारात होती, हेही खरे. पण त्या दारात तिला मी नेले नव्हते. वाद आहे तो 'केवळ फोटो दिसला म्हणून' या शब्दांशी.

गावगप्पांत आणखी एक शेपूट जोडले जाते, की मला कॉम्प्युटरच नको होता. हे धादांत खोटे आहे. पिशवीवरचा क्रमांक पूर्वी मी हाताने लिहीत असे, आणि माझ्यासारखे अक्षर त्या रक्तपेढीत दुसऱ्या कोणाचे नव्हते. तरीही लेखणी मीच खाली ठेवली. माझे अक्षर कितीही सुबक असले, तरी ते पाहून दुसऱ्या कागदावर उतरवणारा हात दुसऱ्याचा असे, आणि तो हात चुकू शकत असे. नव्या पद्धतीत पिशवीच्या दर्शनी भागाचे चार चौक ठरलेले होते. वर डावीकडे रक्तदात्याचा क्रमांक, काळ्या रेघांच्या पट्टीसह; वर उजवीकडे रक्तगट; खाली रक्ताचा प्रकार आणि मुदत. तोच क्रमांक तपासणीच्या नळ्यांवर. स्कॅनर रेघा वाचतो आणि ही नळी या पिशवीचीच आहे, अशी ग्वाही देतो. रक्तगट पिशवीतून पुन्हा तपासता येतो. पण काविळीची, एचआयव्हीची चाचणी नळीतल्या रक्तावर झालेली असते, आणि नळी कोणाची हे सांगायला क्रमांकावाचून जगात दुसरा साक्षीदार नसतो.

ही गोष्ट त्या वेळच्या संचालक मंडळाला समजावताना माझा घसा कोरडा पडला होता. छावणीतल्या माणसांना ती न सांगता समजली. त्या उन्हाळ्यात धारूरच्या डोंगरकडेपासून घाटनांदुरापर्यंतची माणसे जनावरांसह छावण्यांतून राहत होती, आणि जनावरांच्या कानांत तसल्याच रेघांचे बिल्ले मारलेले होते. बिल्ला वाचला गेला की चारा. शिबिर छावणीशेजारी, सोसायटीच्या रिकाम्या खतगोदामात होते. मी पिशवीवर पट्टी चिकटवताना एक म्हातारा पाहत होता. तो म्हणाला, "म्हंजे आमाला बी बिल्ला मारला म्हणा की. आता पेंड किती मिळणार?"

"पेंड न्हाई बाबा, केळं अन् बिस्कीट," शेजारचा म्हणाला. "दूध काढून घ्येतल्यावर एवढंच देत्यात."

गोदाम हसले. पण खाटेवर पहिल्यांदा आडवे व्हायला कोणी पुढे येईना. एकाने सुरुवात केल्यावर मात्र रांग लागली.

भरलेल्या पिशव्या गाडीतल्या शीतपेटीपर्यंत नेण्याचे काम समितीच्या तरुणांनी मागून घेतले. मी खाटांपाशी अडकलेलो. पुढचे मला रक्तपेढीत परतल्यावर कळले. पहिली पिशवी स्कॅनरखाली धरली. आवाज नाही. पुन्हा धरली. नाही. उलटून पाहतो, तर वरच्या डाव्या चौकातून चेअरमनसाहेब हात जोडून हसत होते. 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'चे चकचकीत स्टिकर बरोबर क्रमांकावर! प्लास्टिकवर ते नीट धरेना, आणि कागदावर कागद छान बसतो, म्हणून तरुणांनी प्रत्येक पिशवीवर तीच जागा निवडली होती.

मी नखाने कड सोडवली. साहेब निघाले ते क्रमांकाची कातडी घेऊनच निघाले. मग वाफ देऊन पाहिली, थंड करून पाहिली. काही पिशव्यांचा क्रमांक वाचला. ज्या स्कॅनरने ओळखल्या, त्या सगळ्या मी ठेवल्या, हे संचालक महाशय लिहीत नाहीत. बाकीच्यांवर पांढरा फाटका कागद उरला. त्या मी बाजूला काढल्या.

तेवढ्यात सरकारी दवाखान्यातून एक ऊसतोड कामगार चिठ्ठी घेऊन आला. त्याची बहीण बाळंत झाली होती आणि रक्तस्राव थांबत नव्हता. गट ए पॉझिटिव्ह. शीतकपाटात तो गट संपलेला, आणि वाचलेल्या पिशव्यांत तो नव्हता. हा भाऊ सकाळी छावणीतून येऊन रक्त देऊन गेलेला. त्याचाही गट तोच. त्याने बाजूला काढलेल्या पिशव्या पाहिल्या.

"डॉक्टर, ह्यातली एक माझी हाय. तीच द्या की."

मी डॉक्टर नव्हे, हे सांगण्याची ती वेळ नव्हती. "कोणती तुझी?"

तो वाकला. एकीवरून नजर दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर. "माझी... जरा काळपट व्हती."

तोवर समितीप्रमुख पोहोचला. "काका, लई ताणू नका. पेन घ्या अन् लिव्हा नंबर. जल्मभर तेच केलंत ना?"

"कोणता नंबर लिहू?"

"ह्याचा. हा उभा हाय की समोर!"

"हा उभा आहे. पण पिशवी कोणती?"

"ए गटाची काढा एखादी. बिल्ला पडला म्हणून बैल काय दुसऱ्याचा व्हतो का?"

"बैल सोडला तर आपल्या दावणीला जातो," मी म्हणालो. "ही पिशवी सोडली, तर ती याच्या बहिणीच्या अंगात जाईल. आणि ती सुरक्षित ठरली असेल, तीही कदाचित दुसऱ्याच्याच नळीवरून."

भावाने माझा हात धरला. त्या पकडीचा जोर मला आजही आठवतो. "मी तुमच्या पाया पडतो," तो म्हणाला. मी त्याला पडू दिले नाही आणि पिशवीही दिली नाही. लातूरच्या रक्तपेढीला फोन लावला, ए पॉझिटिव्ह बाजूला काढून ठेवायला सांगितले, आणि आमची गाडी चालकासह त्याच्या हवाली केली. समितीप्रमुख दारातच गरजला, "आता कळलं तुमी कोणत्या पॅनेलचे ते!" स्मरणिकेतले वाक्य तेव्हाच जन्मले, छापायला तेवढा उशीर झाला.

दिवेलागणीला गाडी परतली आणि बाईला रक्त चढले. ती वाचली. हे मी माझ्या बाजूचा पुरावा म्हणून मांडत नाही. ती गेली असती, तरी मी ती पिशवी दिली नसती. मग त्या भावाच्या डोळ्याला डोळा कसा दिला असता, हे मला ठाऊक नाही. या प्रश्नाने मला पुष्कळदा अंथरुणातून उठवले आहे. संचालक महाशयांना तो कधी पडलेला दिसत नाही.

राहिला पॅनेलचा आरोप. कारखान्यात मी मत कोणाला देत होतो, हे मी सांगणार नाही. ते सांगून सुटका करून घेण्याइतका मी खाली आलेलो नाही. साहेबांचा वाढदिवस मला सहन झाला नाही, असे ज्यांना म्हणायचे आहे, त्यांनी एवढेच लक्षात घ्यावे. सकाळी गोदामात कोणी आडवे होईना, तेव्हा बाही वर सारून पहिल्या खाटेवर मी झोपलो होतो. त्या शिबिराचा पहिला क्रमांक माझा होता, आणि रक्तपेढीत स्कॅनरला तो कोणत्याच पिशवीवर सापडला नाही. मी नष्ट केलेल्या रक्तात माझे रक्त होते.