सोमलिंग बिराजदारांचा ‘व्हय’

सोमलिंग बिराजदारांच्या तोंडात आता हमखास येणारा एकच शब्द उरला होता, ‘व्हय’. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर त्यांना झटका आला. उजवा हात-पाय गेला आणि बोलणं गेलं. समजणं मात्र होतं तसंच राहिलं. डॉक्टरांनी त्यांच्या बायकोला, महादेवीबाईंना, तेव्हाच सांगितलं होतं, “त्यांना सगळं कळतं. फक्त शब्द बाहेर येताना वाट चुकतात.” त्यामुळं हवं असलं तरी ‘व्हय’ आणि नको असलं तरी ‘व्हय’. फारच जोर लावला तर अक्कलकोटकडच्या गावात लहानपणी पाठ केलेले कानडी आकडे सुटायचे. ओंदु, एरडु, मूरु. एकदा सुटले की दहा येईपर्यंत त्यांना थांबता यायचं नाही.

हा माणूस पूर्वी बोलण्यात कुणाला हार जायचा नाही. सोलापुरातल्या एका ट्रस्टच्या डोळ्यांच्या दवाखान्यात अठरा वर्षं कॉम्प्युटरचं सगळं काम त्यांनी एकट्यानं सांभाळलं. रुग्णांची नोंद, चष्म्याचे नंबर, बाहेरच्या फळ्यावर झळकणारी पाळीची यादी, सगळे प्रोग्राम त्यांच्याच हातचे. कुणी म्हणालं, “बिराजदार, हे कुठं तरी लिहून ठेवा की हो,” तर कपाळावर बोट आपटून सांगायचे, “हितं हाय की सगळं. कागद हरवतो, हे हरवत न्हाय.”

मार्गशीर्षातल्या एका सकाळी प्रियदर्शनी त्यांच्या जुळे सोलापुरातल्या घरी आली. दवाखान्यानं नवे कॉम्प्युटर घेतले होते, त्यांच्यावर जुना प्रोग्राम चालेना. तो नव्यानं लिहायचं काम ज्या कंपनीला मिळालं होतं, तिथं ती नोकरीला होती. वय चोवीस-पंचवीस. आल्या आल्या वाकून पाया पडली.

“सर, तुमचा कोड वाचूनच मी शिकले म्हणा ना. फक्त एका जागी अडलंय.”

दोन वर्षांत सोमलिंगांना कुणी सर म्हणालं नव्हतं. आलेला प्रत्येक जण मोठ्यानं आणि सावकाश बोलायचा, बहिऱ्याशी बोलावं तसं.

त्या दिवशी पाण्याची पाळी होती. चार दिवसांनी नळ आला होता. महादेवीबाई मागच्या मोरीत पिंप, घागरी, कळशा जे दिसेल ते भरत होत्या. “बस गं बाळ, चहा टाकते एवढं झालं की,” असं तिथूनच ओरडून सांगितलं आणि त्या पुन्हा पाण्याला लागल्या.

प्रियदर्शनीनं छापून आणलेला कागद त्यांच्या मांडीवर पसरला. सोमलिंगांना वाचायला काही कष्ट पडले नाहीत. त्यांचीच पाळीची यादी होती ती. त्यांनी लिहिली तेव्हा यादी म्हणजे पोतं असायचं. आकडा टाका, नाव टाका, तारीख टाका, पोतं कशालाच नाही म्हणायचं नाही. आताच्या यादीला आधीच बजावावं लागतं, की बाई, तुझ्यात फक्त आकडेच राहतील. मग दुसरं काही द्यायला गेलं तर ती घेत नाही. प्रियदर्शनी त्या जुन्या पोत्यातला माल आकड्यांच्या नव्या यादीत भरत होती.

ह्याचे रस्ते दोन. पहिल्या रस्त्यानं गेलं आणि आकड्याऐवजी भलतं काही हाताला लागलं, की प्रोग्राम जागच्या जागी थांबतो आणि लाल अक्षरांत बोंब मारतो. दुसरा रस्ता मुका. आकडे तेवढे उचलतो, बाकीचं पोत्यातच सोडतो आणि कुणाला काही कळू देत नाही. प्रियदर्शनीनं दुसरा रस्ता घेतला होता. खालून सातवी ओळ. सोमलिंगांची नजर तिथं पोचली आणि तिथंच खिळली.

कारण त्या पोत्यात नुसते आकडेच नव्हते. गावोगावच्या मोतीबिंदूच्या शिबिरांतून म्हातारी माणसं जीप भरून यायची. त्यांचे केसपेपर निघून केस नंबर पडायला तास-दीड तास लागायचा, तोवर ती खिडकीपाशी उभी. ते बघवेना म्हणून सोमलिंगांनीच त्यांना आल्या आल्या ‘शि-१’, ‘शि-२’ असे तात्पुरते नंबर द्यायला सुरुवात केली होती. ते नंबर म्हणजे अक्षरं. मुक्या रस्त्यानं गेलं तर शिबिराचं एकही माणूस नव्या यादीत येणार नव्हतं. आणि हे कुठंच लिहून ठेवलेलं नव्हतं.

“एका दिवसाची जुनी फाइल घालून बघितली सर,” प्रियदर्शनी सांगत होती. “दोनशे चौदा घातले, दोनशे चौदाच आले. म्हणजे हिच्यात फक्त केस नंबरच असतात, बरोबर ना?”

त्या दिवशी शिबिर नसेल गं, सोमलिंग मनात म्हणाले. नाही. बरोबर नाही. त्यांनी तोंड उघडलं.

“व्हय.”

त्यांना स्वतःचाच संताप आला. डावा हात उचलून त्यांनी सातव्या ओळीवर आपटला.

“हो सर, तीच ओळ! तुम्हाला लगेच दिसली बघा. तुमच्या वेळी ह्यालाच पंधरा ओळी लागायच्या ना?”

“व्हय. व्हय!” ते मान हलवत होते, पण मानही धड आडवी जात नव्हती, धड उभी नव्हती. तिच्या शर्टाच्या खिशातल्या पेनाकडं त्यांनी हात नेला. तिनं पेन दिलं. डाव्या हातानं ‘शि’ काढायला गेले तर एक वेलांटी उमटली आणि तिच्यापुढं नुसती लांबच लांब रेघ. पुन्हा काढली. पुन्हा रेघच. चष्मा घसरून खाली पडला. कपाळावर घाम आला.

“ओंदु,” ते म्हणाले, “एरडु, मूरु, नाल्कु…”

प्रियदर्शनी घाबरली. तिच्या हाकेसरशी महादेवीबाई ओल्या पदरानं धावत आल्या. नवऱ्याचा चेहरा बघून त्यांना वाटलं तेच, जे रोज वाटायचं. “अगं, त्यांना बाथरूमला जायचं असेल. तू बस, आलेच.” आणि त्यांनी काखेत हात घालून सोमलिंगांना उठवलं. ते मागं वळून कागदाकडं बघत राहिले. दारापर्यंत आकडे चालूच होते.

परत आले तेव्हा खुर्ची रिकामी होती. कामावर जायचंय असं बाहेरूनच ओरडून सांगून मुलगी चहासुद्धा न घेता गेली होती. कागद घेऊन गेली होती.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. महादेवीबाईंनी कानडीत विचारलं, मराठीत विचारलं. दुखतंय का? लेकाला फोन लावू का? ती मुलगी काही वाकडं बोलली का? प्रत्येकाला ‘व्हय’. शेवटी त्या थकून म्हणाल्या, “काय करू हो मी तरी,” आणि पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या.

अकरा दिवसांनी प्रियदर्शनी पुन्हा आली. ह्या वेळी पाया पडली नाही, विसरली असावी. मंगळवारी मंद्रूपकडची जीप आली होती, तिनं सांगितलं. अठरा माणसं. सकाळपासून ती बाकांवर बसून होती. फळ्यावर दुसऱ्यांचे नंबर येत होते, ह्यांचे येतच नव्हते. बिचाऱ्यांना वाटलं, दवाखान्यात असंच असतं. पाच वाजता ऑपरेशनवाले डॉक्टर निघून गेले, तेव्हा ईरम्मा नावाच्या म्हातारीनं शिपायाला विचारलं, “आमची पाळी कवा हाय?”

“तिला एकच डोळा आहे सर. आता तिची तारीख पुढच्या महिन्यात.” तिनं खाली बघितलं. “मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही व्हय म्हणालात.”

आवाजात राग नव्हता. सोमलिंगांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. महादेवीबाई हळूच म्हणाल्या, “त्यांचा व्हय म्हणजे व्हय नसतो गं. मी सांगायला पायजे होतं तुला. मी पाणी भरत होते.”

मग प्रियदर्शनीनं नवा कागद काढला. ह्या वेळी तिनं पहिला रस्ता घेतला होता, थांबणारा, बोंब मारणारा. शिबिराच्या नंबरांसाठी वेगळी यादी केली होती. चोख काम होतं. सोमलिंगांनी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचलं.

“आता बरोबर आहे का सर?”

“व्हय,” ते म्हणाले. आयुष्यात कुठला शब्द एवढा मनापासून उच्चारला नसेल.

तिनं त्यांच्याकडं बघितलं, मग महादेवीबाईंकडं. महादेवीबाईंनाही काही सांगता येईना. “बघते सर मी,” म्हणत तिनं कागदाची घडी घातली.

पुढं दवाखान्यानं शिबिराची नावं हातानं वहीत लिहायला एक बाई बसवली. मशीनवर कुणाचा विश्वास राहिला नव्हता. ईरम्माचं ऑपरेशन झालं की नाही, तिला दिसायला लागलं की नाही, हे सोमलिंगांना कळलं नाही. विचारायचं त्यांच्या मनात रोज यायचं. महादेवीबाई समोर भाकरी कुस्करत बसायच्या आणि म्हणायच्या, “काय पायजे? चटणी?”